तुळशीपुढचा एलईडी

आमच्या ह्यांचा गांजा का फुलला नाही, ते सांगते. पण आधी चहा घ्या, गार होतोय.

माझं रोज तुळशीला दिवा लावायचं व्रत आहे. पण इथे कॅनडात, स्कारबरोच्या विंटरमध्ये आत आणलेली तुळस दरवर्षी बेसमेंटमध्ये वाळायची. तिच्यासाठी एक ग्रो लाईट, म्हणजे झाडांना उन्हाऐवजी लावायचा दिवा, घ्या म्हटलं, की हे म्हणायचे, "अगं, देवाच्या झाडाला इलेक्ट्रिसिटी कशाला? श्रद्धा ठेव!"

मग गांजाचा कायदा आला. घरी चार झाडं लावायला परवानगी मिळाली आणि आमच्या रिटायर्ड इंजिनियरांचा गुडघा त्याच आठवड्यात दुखायला लागला! औषध म्हणून गांजाच हवा म्हणे. तीन आठवडे स्वस्त लाईटचा अभ्यास चालला. जांभळा सगळ्यात स्वस्त होता, पण त्या उजेडात आमचं बेसमेंट नाटकातल्या नरकासारखं दिसलं असतं. शेवटी सेलमधला पांढरा एलईडी आला, टायमरसकट. मी हळूच माझी तुळस त्याच्याखाली सरकवली.

मार्चपर्यंत तुळस मंजिऱ्यांनी डवरली. गांजा छताला टेकला, पण फूल एक नाही.

ह्यांनी मित्राला फोन करून विचारलं आणि माझ्याकडे वळले. "अगं, त्याला फुलायला रोज बारा तास अंधार लागतो. टायमर संध्याकाळी सहाला लाईट बंद करतो ना?"

"करतो की," मी म्हटलं. "मी लगेच परत लावते. ऐन तिन्हीसांजेला तुळशीपुढचा दिवा कुणी विझवतं का?"

हे गुडघा धरून खालीच बसले.

"श्रद्धा ठेवा," मी म्हटलं, "आणि तुळशीचा काढा घ्या."