केशरी दिव्याची केबल

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे वैद्यकीय संचालक, व्यासपीठावर बसलेल्या मेट्रनबाई, प्रशासन अधिकारी साहेब, समोर बसलेले डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, आणि ड्यूटी चालू आहे म्हणून दाराशी उभं राहून ऐकणारे माझे सगळे सहकारी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं की मी दोनदा मागे वळून पाहिलं, दुसरंच कोणी निवृत्त होतंय की काय. एकतीस वर्षांत मला या इमारतीत दोनच वाक्यं ऐकायची सवय. 'केबलकाका, चालत नाहीये' आणि 'केबलकाका, झालं चालू, येऊ नका'. दुसरं वाक्य मला जास्त आवडायचं, पण खरं सांगतो, अलीकडे ते ऐकून थोडं वाईट वाटायला लागलं होतं.

मेट्रनबाईंनी सांगितलंय, घरच्यांबद्दल दोन शब्द बोला. पहिल्या रांगेत घरच्यांसाठी दोन खुर्च्या राखून ठेवल्यात. त्या रिकाम्या आहेत हे सगळ्यांनी पाहिलंय आणि न पाहिल्यासारखं केलंय, त्याबद्दल मी आभारी आहे. पण त्या खुर्च्यांबद्दल बोलायचं तर मला आधी स्विचबद्दल, म्हणजे आपले कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडणाऱ्या पेटीबद्दल, बोलावं लागेल. मला दुसरं येतं काय?

तिसऱ्या रांगेत आपल्या प्रयोगशाळेच्या मुख्य बाई बसल्यात. आत्तापासूनच तोंडावर रुमाल धरलाय त्यांनी. नऊ वर्षांपूर्वी बाईंना टेबलाखाली एक केबल लोंबकळताना दिसली. बाई टापटिपीच्या. त्यांनी ते मोकळं टोक भिंतीतल्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचून दिलं. दुसरं टोक टेबलाखालच्या छोट्या स्विचमध्ये होतं, आणि तो स्विच आधीच भिंतीला जोडलेला होता. चाळीस मिनिटं सगळं रुग्णालय हाताने रिपोर्ट लिहीत होतं.

का झालं असं? समजा, वॉर्डात कोणी म्हणालं, 'साहेब राउंडला येतायत, पुढे सांगा.' रांग सरळ असेल तर निरोप शेवटच्या खाटेपर्यंत जातो आणि संपतो. पण सगळे गोल करून बसले असतील तर? निरोप फिरून पहिल्याकडे येतो, तो पुन्हा पुढे सांगतो. थोड्या वेळाने सगळा वॉर्ड तेच ओरडत असतो आणि एका पेशंटला 'पाणी द्या' म्हणायलासुद्धा जागा उरत नाही. त्या दिवशी तेच झालं, कारण बाईंच्या टेबलाखालचा छोटा स्विच स्वस्तातला होता. त्याला गोल ओळखता येत नव्हता.

चांगल्या स्विचला येतो. चांगले स्विच आपसांत एक प्रमुख ठरवतात. मग प्रत्येक जण प्रमुखाकडे जाणारं आपलं एकच जवळचं दार निवडतो, त्याला आम्ही रूट पोर्ट म्हणतो. प्रत्येक केबलच्या एका टोकाला पुढे निरोप देण्याचं काम असतं, ते डेझिग्नेटेड पोर्ट. आणि ज्या दाराने गोल पुरा होईल ते दार स्विच स्वतःहून बंद करतो. तिथे केशरी दिवा लागतो. केबल तिथेच राहते, राखीव म्हणून.

हे मी पहिल्यांदा घरी सांगितलं ते माझ्या मुलीला, ती सातवीत असताना. जेवणाच्या टेबलावर तीन ग्लास ठेवले आणि तिच्या आईच्या लोकरीने एकमेकांना जोडले. तिने विचारलं, 'बाबा, हा धागा वापरायचाच नाही, तर बांधला कशाला?' म्हटलं, एखादा दुसरा तुटला तर असावा म्हणून. ती म्हणाली, 'पण तो चालतो हे कळणार कसं?' मी म्हटलं, चालू असलेला काढून बघायचा. दरवर्षी आम्ही इथे तेच करतो.

आता घरची गोष्ट. आमच्या घरी प्रमुख माझी बायको. लेक तिच्याशी बोलायची, मी तिच्याशी बोलायचो. लेकीचं आणि माझं थेट बोलणं? भांडण नव्हतं हो. अबोलासुद्धा नव्हता. 'आईला सांग' आणि 'तिला विचार' यात वर्षं निघून गेली. लेक शिकायला दूर गेली, तिकडेच नोकरीला लागली, तरी रस्ता तोच राहिला.

बायको जाऊन आता दीड वर्ष होईल. ती गेल्यावर तिचा फोन मी उघडला. बिलं कुठे भरायची ते बघायचं होतं. त्यात लेकीचे निरोप होते. 'बाबांना सांग, मला बढती मिळाली.' आणि खाली बायकोचं उत्तर, 'बाबा फार खूश झाले. म्हणाले, हिच्यात माझीच चिकाटी आलीय.'

मंडळी, मी असं काहीही म्हणालो नव्हतो. मी मान हलवून वर्तमानपत्राचं पान उलटलं असणार. अशी कितीतरी उत्तरं होती. 'बाबा म्हणतात, सर्दी झाली असेल तर रजा घे.' 'बाबांना तुझी आठवण येते, बोलत नाहीत इतकंच.' हे शेवटचं तेवढं खरं होतं.

आणि माझ्या फोनवर काय होतं? लेक दर रविवारी मला एक फोटो पाठवायची. तिच्या खिडकीतलं रोप, नवीन किटली, ऑफिसमधल्या केबलींचा गुंता आणि खाली 'बाबा, हे बघून तुम्हाला चक्कर येईल'. मी बघायचो. बायकोला म्हणायचो, तिला कळव, बघितला. बायको गेल्यावरही फोटो येत राहिले. मी बघत राहिलो. कळवायला कोणी नव्हतं आणि आपण कळवायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चौदा महिने.

लोकांचा एक गैरसमज असतो, मी तो इथे अनेकांचा दूर केलाय. केशरी दिव्याची केबल मेलेली नसते. तिचं एकच टोक बंद असतं. दुसरं टोक दर दोन सेकंदांनी निरोप पाठवतच असतं, 'मी आहे, मी आहे.' बंद टोक ते ऐकतं आणि गप्प राहतं. एकतीस वर्षं मी हे शिकवत आलो. आमच्या घरी बंद टोक कोण, हे मात्र मला कळलं नाही.

मग एका रविवारी फोटो आला नाही. दुसऱ्या रविवारी आला नाही. तिसऱ्या रविवारी मी दाढी न करता फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात बसून होतो. घरात फ्रीजचा आवाज तेवढा. बंद टोक कशाने उघडतं माहितीये? येणारा निरोप थांबला की. स्विच वीस सेकंदांत घाबरतो, मला तीन आठवडे लागले. मी फोन लावला.

तिने उचलला आणि म्हणाली, 'बाबा? कोणाला काय झालं?'

बघा, वडिलांचा फोन आला की मुलीला आधी हे विचारावंसं वाटतं. मी म्हटलं, कोणाला काही नाही. तुझा फोटो आला नाही. आमच्या जुन्या स्विचचं दार उघडताना पंधरा सेकंद नुसतं ऐकतं, आणखी पंधरा सेकंद पलीकडे कोण कोण आहे ते शिकतं, आणि मग बोलतं. मी घड्याळाकडे बघत होतो. तीस सेकंदांच्या आधीच ती म्हणाली, 'मुद्दाम थांबवले होते. तुम्हीच म्हणाला होतात ना बाबा, धागा चालतो का ते बघायचं तर चालू असलेला काढून बघायचा.'

मला रडू आलं. इथे सांगायला लाज वाटत नाही, उद्यापासून मी तुमच्यात नाही.

माझ्या जागी येणाऱ्या बाईंना एकच विनंती. दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात खालून तिसऱ्या ओळीत एक केशरी दिवा आहे. कोणीतरी म्हणेल, ही केबल काही कामाची नाही, काढून टाका. काढू नका.

आपण सगळ्यांनी वेळ काढलात, हे सुंदर घड्याळ दिलंत, एवढं प्रेम दिलंत, मी ऋणी आहे. भाषण लांबलं, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, एकतीस वर्षांत कोणाला तुसडेपणाने उत्तर दिलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आता मला लवकर घरी जायचंय. सात वाजता फोन करायचाय. लेक विचारेल, बाबा, भाषण कसं झालं? आणि यावेळी उत्तर माझं मलाच द्यायचंय.

नमस्कार.