कळी खुडणारा हात

जव्हारच्या एसटी स्टँडवर मोखाड्याची गाडी लागायला वेळ होता. सबनीसांनी पुस्तक उघडलं, पण मागच्या बाकावर दारूच्या बैठकीतले दोन जुने सोबती बोलत होते आणि पान काही उलटेना.

“रघू, दारू सोडून किती दिवस झाले रं?”

“दिवस नाय मोजत. बायकोचा मोगरा हाय ना, पहाटं कळ्या खुडतो.”

“तू? तुला चहाचा कप धरवत नव्हता.”

“म्हणून तर ती बोलली, आधी नुसती टोपली धर. महिनाभर टोपलीच धरली. मग एक ओळ दिली, मग दोन. आता सगळं शेत मीच खुडतो.”

“आणि प्यावंसं नाय वाटत?”

“वाटतं की. सांजंला लय वाटतं. पण पहाटं हे हात मला पायजेत. एक दिवस तिला विचारलं, हा वास कसला गं? ती रडायलाच लागली. बोलली, चार वर्षं झाली मोगरा लावून, तुला वास आज आला.”

सबनीसांनी पुस्तक मिटलं.

“रघू, माझा हात बघ.”

“बघतोय मघापासून, सोम्या.”

“असा चालंल?”

“टोपलीला चालतो. पहाटं ये.”