तिचा चष्मा

चष्म्याच्या दुकानात माझ्यापुढे दोन निवृत्त कारकून उभे होते. बऱ्याच दिवसांनी भेटले असावेत.

“आपले हेडक्लार्क कसे आहेत?”

“गचकले. झोपेतच विकेट पडली.”

“अरेरे! आणि तो टायपिस्ट, साहेबांच्या गळ्यातला ताईत?”

“नवे साहेब आले आणि तो पडला अडगळीत. शेवटी गाशा गुंडाळून लेकीकडे गेला.”

“कॅशियर?”

“त्याने तर वरचं तिकीट काढलं.”

“तुझी जीभ काही सुधारायची नाही. वहिनी ओरडत नाहीत?”

“हा चष्मा तिचाच. तिनेच टाकला होता दुरुस्तीला.”

दुकानदार म्हणाला, “काका, काड्या जरा सैल वाटतात. काकूंना घेऊन या, कानावर नीट बसवून देतो.”

“राहू द्या. असाच द्या.”

“अरे… कधी?”

“बाहेर चल. सांगतो.”