पाय बघायची सवय

काय सांगू तुम्हाला, मी मूळची तेरेखोल नदीच्या पलीकडची, सिंधुदुर्गातली, घरात सगळे दुसऱ्याच्या शेतात राबणारे, आणि पोर्तुगीज गेल्यावर सात-आठ वर्षांनी लग्न होऊन इकडे कोरगावला आले, तर सासूने चार दिवसांतच हातात खिळा लावलेली काठी दिली आणि काजीच्या बागायतीत नेलं. काजीचा बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून काढायचा नाय, पिकून पडलेलाच वेचायचा, दारूच्या भट्टीला तोच लागतो, म्हणून सासू सांगायची, गो, वर बघू नको, वर बघशीत आणि पाय पडात जनावरार. जनावर म्हणजे साप. तर मी वर बघितलंच नाय.

दोन-तीन हंगामांत नजर अशी झाली की सुक्या पाल्याखाली नखाएवढं पिवळं दिसलं तरी काठी आपोआप जायची. बरोबरच्या बायका म्हणायच्या, हिला बोंडू हाक मारतात. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

आमचे हे त्याच भट्टीवर कामाला. भट्टीवर काम आणि पिणं नाय, असं कुठे होतं. सांजेला ते अंगणात शिरले की मी जनेलातून त्यांचे पाय बघायची. सरळ पडले तर भात वाढायचा, वाकडे पडले तर दोन्ही पोरांना शेजारच्या काकीकडे पाठवायचं. तोंड बघून काय करू, तोंडाने ते नायच म्हणायचे, पाय खरं सांगायचे. पंधरा-सोळा वर्षं अशी गेली, म्हणजे बघा, भांडायची तीपण मी त्यांच्या पायांशीच.

मग त्यांनी पिणं सोडलं. कोणी शपथ घातली नव्हती, पोटात दुखतं म्हणाले आणि सोडलं. मला काय आनंद, रोज सांजेला पाय सरळ, रोज सरळ. दोन घास खाऊन उठायचे तर मी म्हणायची, उष्मा आहे, उष्म्यात भूक मरते. पाय सरळ होते ना, मला आणखी काय हवं होतं.

एक दिवस धारगळची माझी नणंद आली, उंबऱ्यात चप्पल काढता काढता तिने भावाकडे बघितलं आणि मला हाक मारली, वयनी, ह्येचे डोळे बघलंस काय गो? बघितले. पिवळे, बोंडवासारखे पिवळे, अंगपण पिवळं. पाल्याखालचं पिवळं वीस पावलांवरून ओळखणारी बाई मी, आणि रोज समोर पाटावर बसणाऱ्या माणसाचं दिसलं नाय मला.

मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. खाटेजवळ बसून मी विचारलं, अवो, तुमका कळला नाय? माका सांगूचा नाय? तर म्हणाले, आरशात दिसत होता माका. तुका पण दिसतला म्हणान रवलंय.

मला दिसेल म्हणून वाट बघत राहिले, आणि बारा दिवसांत गेले. राग येतो मला त्यांचा अजून, सांगायला तोंड नव्हतं काय? मग आठवतं, तोंड होतं, मीच बघत नव्हते.

आता सत्तरी उलटली. माझा झील, म्हणजे मुलगा, आधी खाणीवर ट्रक चालवायचा, आता धारगळला हायवेवर त्याचं दुकान आहे. दारूचा थेंब घेत नाय तो, तरी घरी आला की माझी नजर पयली त्याच्या पायांवर. मग जोर लावून मान वर करते, त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवते आणि डोळे बघते. सून वैतागते, आई, रोज काय ते. वैतागू दे.

तुम्ही आलात तेव्हापण आधी तुमच्या चपलाच बघितल्या मी. जरा इकडे सरका, जनेलाकडे. हां. डोळे सफेद आहेत. घरी कोण बघतं ना तुमच्याकडे? नसेल बघत तर सांगा त्यांना, वाट बघत रावू नका. देव बरें करूं तुमचं.