थांब्यावर गाडी काऊन थांबना

मव्हं मूळ गाव पिशोरच्या वर, डोंगराकडं. आमी मेंढरं वळणारी माणसं, बापाची सारी जिंदगी कळपामागं गेली, आन् पोरपणी मला रस्ता म्हंजी मेंढरं आडवी न्यायची जागा, एवढंच ठावं. पुढं फुलंब्रीच्या रस्त्यावर मैलकुली लागलो. मैलकुली म्हंजी काय सांगू तुम्हाला, सरकारी रस्त्याचा एक तुकडा एका माणसाच्या हवाली करत्यात, त्यातला खड्डा त्यानंच भरायचा, नाली त्यानंच उपसायची, झाडाला गेरू-चुन्याचे पट्टे त्यानंच ओढायचे. रिटायर होईस्तोवर म्या तेच केलं, आन् त्याच रस्त्यावरच्या गावात घर केलं.

पण मव्हा सुभाव चौकस. मैलाच्या दगडाला पिवळा रंग कुठं आन् हिरवा कुठं, घर रस्त्यापासून किती लांब पायजे, वळणावर झाड काऊन नाय लावायचं, समदं साहेबाला इचारायचो. साहेब म्हणायचे, अरे तुला काय इंजिनेर व्हायचंय का. मी म्हणायचो, व्हायचं नाय साहेब, पण ज्याची चाकरी करतो त्याचा कायदा तर कळू द्या. चुलतभावानं रस्त्याच्या हद्दीत टपरी टाकली तर म्याच टेप धरून त्याला मागं सरकवलं, दोन वर्सं बोलला नाय तो माह्याशी.

ते जाऊ द्या. मव्ही सून ज्योती, आयटीआय झालेली, चिकलठाण्याला एका कंपनीत लागली, अजून पक्की नाय. सकाळची गाडी धरून शहरात जायचं, तिथून पुढं सिटी बस. कंपनीचा नियम असा, का मैन्यात तीनदा उशीर झाला का घरी बसा. आन् आमच्या थांब्यावर गाडीच थांबना. पाटी हाय, सिमेंटचा निवारा हाय, बसायला बाक हाय, तरी ड्रायव्हर गाडी सरळ काढायचा. ज्योती जीपगाडी धरून कशीबशी पोचायची, तरी तिचे दोन उशीर झाले. मव्हा पोरगा म्हणला, जाऊ दे ती नोकरी, शेतात काय काम कमी हाय का. तिनं भाकरी थापता थापता डोळे पुसले, ते मला दिसलं आन् लई वाईट वाटलं.

नवल याचं, का त्या निवाऱ्यात रोज सकाळी मी सोता बसतो. आमी सहा म्हातारे, पेपर येतो, तंबाखू मळतो, डोळ्यादेखत गाडी निघून जाती. काऊन थांबत नसल? लागलो शोधाला. बांधकामच्या हपिसात गेलो, ते म्हणले, निवारा कायद्यानं जिथं पायजे तिथंच हाय, रस्ता आमचा, गाडी काय आमची नाय. डेपोत गेलो, बाबू म्हणला, विनंती थांबा हाय, हात दाखवला तर थांबायलाच पायजे, तुमी तकरार द्या. कागद घेतला, ड्रायव्हरचं नाव इचारलं, तर तो तिथंच चहा पीत व्हता. म्हणलं, का रे बाबा, आमच्या गावावर राग हाय का?

तो हसला. म्हणला, बाबा, मी तुमाला वळखतो. पैला मैनाभर रोज थांबलो. तुमी सहाजणं आत, एकबी उठना, उलट तुमीच हातानं जा जा करायचे. भरल्या गाडीला बिरेक लावून मी कुणासाठी थांबू?

माह्या हातातला कागद तसाच ऱ्हायला. खरंच व्हतं ते, जा जा करणारा हात मव्हाच.

आन् गाडीनं जाणाऱ्या बाया कुठं असायच्या? आमच्याकडं सासऱ्यासमोर, भायासमोर, म्हंजी नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, सून बाकावर बसत नाय. निवाऱ्यात आमी, म्हणून समद्या सुना बाजूच्या पिठाच्या गिरणीच्या भिताडाआड उभ्या. गाडी त्यांना दिसंस्तोवर पुढं गेलेली. ज्योतीनं हे सोसलं, पण एका शब्दानं नाय म्हणली का मामा, तुमी उठा. कशी म्हणल? लोकाला हद्दीतून हटवणारा मी, सोता ठाण मांडून बसलेलो. लाज वाटली, खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांना म्हणलं, उठा. एकजण तणतणला, निवारा सरकारी हाय, कुणाच्या बापाचा नाय. मी म्हणलं, प्रवाशांचा हाय, तिकीट काढून जायचं आसल तर बस. मग पेपर उचलून मी समोरच्या मारुतीच्या पाराकडं निघालो, तसे समदे मागं आले, पेपर माह्याकडंच व्हता ना.

पण ज्योती काय आत जाईना. मी गिरणीमागं गेलो. सासरा-सून आमी रस्त्यावर कधी बोललो नव्हतो. म्हणलं, पोरी, जा, बाकावर बस. ती पदर सावरून म्हणली, मामा, पारावरून समदे बघत्यात. म्हणलं, व्हय, त्याचंबी बघतो.

तवापासून रोज सकाळी आमी सहा म्हातारे पारावर रस्त्याकडं पाठ करून बसतो. येणारे-जाणारे हसत्यात, हसू द्या. ज्योती अजून पक्की नाय झाली, पण तिसरा उशीर काय झाला नाय. गाडी आली का बिरेकचा आवाज येतो, दार आपटतं, कंडक्टर घंटी मारतो. वळून बघावं असं लई वाटतं, पण नाय बघत. गाडी निघाली का पेपरात तोंड घालून म्हणतो, नीट जा गं माय.