मुक्काम वाढवण्याचं कारण

मुलगा : पुढचा प्रश्न, आई. ‘या मुक्कामात तुम्ही काही काम केलं का?’ नाही, असं लिहितो.

सासूबाई : नाही कसं? सहा महिने तुमची भांडी काय भुतं घासतायत?

मुलगा : ते काम नाही गं. पगाराचं काम.

सासूबाई : वा! फुकट केलं ते काम नाही. मग लिही की, म्हातारीने बसून खाल्लं.

सून : आई, हसवू नका हो. पोटात कळ येते.

सासूबाई : येऊ दे की! त्या कळेसाठीच तर घोडं अडलंय. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून सहा दिवस झाले. पोर बापावर गेलंय तुझं. नऊला हाक मारली की अकराला उठणार.

मुलगा : माझं नाव कशाला मध्ये? परवा तुझा व्हिसा संपतोय. आज चारच्या आत हा अर्ज गेला नाही, तर परवाचं विमान. मग नातवंड फोनवर बघ.

सासूबाई : विमानाचा धाक मला नको घालू. मला माझं घर आहे. दार उघडलं की चार बायका विचारायला येतात. मी काही इथे चिकटून बसायला आलेली नाही.

सून : तसं कुणी म्हटलंय का?

सासूबाई : कुणी म्हणायच्या आत सांगून ठेवलेलं बरं.

मुलगा : ‘तुमच्यावर कधी खटला झाला आहे का?’

सासूबाई : झाला ना. पाण्याच्या नळावरून. जिंकले! तेही लिही. साहेबाला कळू दे गाठ कुणाशी आहे.

मुलगा : त्याला खटला म्हणत नाहीत, चाळीतलं भांडण म्हणतात. नाही. आता पासपोर्ट दे. सगळ्या पानांचे फोटो जोडायचेत.

सासूबाई : आहे.

मुलगा : कुठे?

सासूबाई : जागेवर.

मुलगा : कुठल्या जागेवर? पावणेतीन झाले, आई!

सासूबाई : ओरडू नकोस. चोराला सापडणार नाही अशा जागी ठेवलाय.

सून : आणि तुम्हाला?

सासूबाई : तू गप्प बस. आले त्याच दिवशी याच्या त्या निळ्या शर्टाच्या खिशात घातला. खिशाला बटण आहे आणि हा तो कधी अंगात घालत नाही.

मुलगा : तो शर्ट कपाटात नाहीये.

सासूबाई : जुना होता. विटलेला.

सून : आई, बाळाच्या गोधडीत आतून थर लावलात, तो निळाच होता ना?

सासूबाई : कापड मऊ होतं! सहा महिन्यांपूर्वी ठेवलं, गेल्या महिन्यात शिवलं. मधल्या काळात माणूस विसरतं. तुम्ही तर काल गॅस बंद करायला विसरलात.

सून : तरीच! एका कोपऱ्याला पुठ्ठ्यासारखं लागत होतं. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, ‘माझा टाका घट्ट असतो, तुझ्यासारखा ढिला नाही.’

सासूबाई : मग? आहेच घट्ट.

मुलगा : कात्री कुठाय?

सासूबाई : खबरदार! महिनाभर डोळे फोडलेत मी. ब्लेड आण. मीच उसवते, चार बोटं. जास्त नाही.

सून : धुतली नाहीत ना?

सासूबाई : बाळ आलं की धुणार होते. कढत पाण्यात.

मुलगा : म्हणजे ते वेळेवर आलं असतं, तर पासपोर्टचा लगदा!

सासूबाई : बघा! शहाणं पोर. आजीचं नुकसान नको म्हणून थांबलंय आत.

सून : मघाशी तर बापावर गेलं होतं.

सासूबाई : आळस बापाचा, अक्कल माझी. हं, धर. कोरा करकरीत आहे. नुसता दोऱ्याने टोचलाय एका कोपऱ्यात.

मुलगा : एका कोपऱ्यात? आई, तू पासपोर्टला टाके घातलेस!

सासूबाई : दोन. बारीक. साहेब विचारेल तर सांग, आमच्याकडे पक्कं काम असतं.

(तिघेही इतके हसतात की मुलाचा धक्का लागून लॅपटॉपवरचं अर्जाचं पान बंद होतं, आणि त्याला सगळं पहिल्यापासून भरावं लागतं.)

मुलगा : साडेतीन. आता कुणी बोलायचं नाही. ‘मुक्काम वाढवण्याचं कारण.’ मी नम्र विनंती करते की...

सासूबाई : मी? विनंती? खोड आधी ते. बापाला केली नाही, नवऱ्याला केली नाही.

मुलगा : मग काय लिहू?

सासूबाई : लिही, ‘बाळाला उशीर झाला. यात माझा दोष नाही.’

मुलगा : बरं. लिहिलं. शेवटचं. किती दिवस हवेत?

सासूबाई : दहा पुरेत. बाळाचं तोंड बघितलं की मी निघाले. लोकांच्या संसारात किती दिवस...

सून : इकडे दे रे तो लॅपटॉप.

सासूबाई : काय लिहितेस गं?

सून : सहा महिने.

सासूबाई : मला विचारलंस?

सून : विचारलं की तुम्ही नाही म्हणाल, म्हणून महिनाभर विचारलंच नाही. मला भीती वाटते, आई. एकटीने नाही जमणार मला. राहाल का?

मुलगा : आई? दहा मिनिटं उरलीत.

सासूबाई : सहाच्या वर देत नाहीत का रे?