आधी ठरवा, मग उघडा!

...नाही, पण मला एक सांगा, फ्रिज उघडल्याशिवाय माणसाला काय हवंय ते कळणार कसं? तुम्ही घरी काय करता? उठता, फ्रिजपाशी जाता, दार उघडता, आत बघता... आणि मग ठरवता! पण आमच्याकडे ते चालत नाही. आमच्याकडे सूनबाईचा कायदा... "बाबा, आधी ठरवा, मग उघडा!"

अहो, जन्मभर बसमध्ये कंडक्टर होतो मी! मी घंटी मारल्याशिवाय बस जागची हलायची नाही! आणि आता स्वतःच्या घरात फ्रिजच्या दाराला हात लावला की मागून आवाज, "काय घ्यायचंय, बाबा?" मी म्हणतो, "बघतो ना." "बघताय काय? तुमचं बघून होईपर्यंत गार हवा सगळी बाहेर, मग ते मशीन बिचारं धापा टाकत बसतं, वीज फुकट!" मशीन बिचारं! आणि मी?

तशी पोरगी गुणाची हो, खोटं कशाला बोलू? फ्रिज भिंतीला चिकटलेला होता, तो तिनं वीतभर पुढं ओढला. मागच्या जाळीवर ही एवढी धूळ! आमची ही तर 'हे आमच्या घरातलं नाहीच' अशा चेहऱ्यानं बघत राहिली. मग सुनेनं दारात कागद अडकवून ओढला, तो अलगद बाहेर. "रबर सैल झालंय!" लगेच नवीन रबर. मग कमरेवर हात ठेवून म्हणते कशी, "आता या फ्रिजमध्ये एकच बिघाड राहिलाय." आणि माझ्याकडे बघितलं!

निकाल काय लागला? रविवारपर्यंत एकदाही उगाच उघडलं नाही तर मला मोकळीक. नाहीतर मी मागायचं, सूनबाई काढून देणार. काढून देणार! मला! आणि आमची ही? ती तर जाऊन बसली सुनेच्या पार्टीत. "अहो, दूध गरम आहे, आत ठेवू नका! अहो, निवू द्या! अहो, आधी ठरवा!" त्या दुधाशेजारी मी किती वेळ बसलोय तुम्हाला सांगतो, सख्ख्या भावाच्या आजारपणात बसलो नसेन!

पण म्हटलं, दाखवतोच! खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे, ठरवायचं... वरचा कप्पा, डावीकडे, लिंबू. उठायचं, उघडायचं, काढायचं, मिटायचं. झटक्यात! आणि मग लिंबू हातात घेऊन उभं राहायचं, कारण मला लिंबू नकोच असायचं! आठवडाभर असली नको असलेली लिंबं काढली हो मी, पण नियम मोडला नाही.

उजाडला रविवार. दुपारचा उकाडा म्हणजे नुसती काहिली. सून आत झोपलेली. संध्याकाळी आपण सुटणार म्हणून मी खुशीत, पाणी प्यायला स्वयंपाकघरात जातो... तर फ्रिज सताड उघडा! आणि आत मानेपर्यंत आमची ही! डोळे मिटून!

"अगं, आधी ठरव, मग..."

"शूऽऽ! ओरडू नका. रबर बघतेय."

"डोळे मिटून?"

"दार धरा आधी. मेलं आपोआप मिटतंय."

धरलं. बायकोनं धर म्हटलं की आपण धरतो, विचारत नाही. आणि काय सांगू, ती गार हवा तोंडावर आली... सरकलो मीही पुढं. किती दिवसांनी दोघं इतके चिकटून उभे होतो! बरं वाटलं, खरंच बरं वाटलं.

आणि मागं सूनबाई!

मी वळेपर्यंत ही ओट्यापाशी, हातात फडकं! "बघ गं बाई, सांगून सांगून थकले मी यांना!" दार कोणाच्या हातात? माझ्या! सांगणार होतो मी, अगदी तोंडाशी आलं होतं... पण हिच्याकडे बघितलं. गाल गार होऊन तुकतुकीत, आणि डोळ्यांत 'अहो, नका ना.' म्हटलं, "चुकलं बाई माझं."

झालं! आता मला कायमची बंदी. फ्रिजला हातसुद्धा लावायचा नाही. सून ऑफिसला गेली, की दुपारी ही हळूच येते आणि विचारते, "अहो, दार धरायला येताय ना?"

जातो. काय करणार!